घरातला पडदा कुणाचा? भाड्याच्या व्हीसीआरपासून ओटीटीपर्यंत

मागच्या वर्षी रमाई जयंतीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात महिलांची बैठक होती. बैठक झाल्यावर सगळ्यांनी मिळून एक मराठी चित्रपट पाहायचा, असे ठरले होते. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याच्या फोनवर एका ओटीटी सेवेचा स्वस्तातला पॅक होता. विहारात टीव्ही होता, वायर होती, नेटही बरे होते. फोन टीव्हीला जोडला आणि पडदा काळा झाला. हा पॅक फक्त मोबाइलवर चालतो, टीव्हीवर पाहायचे असेल तर वरचा पॅक घ्या, अशी सूचना आली. समोर तीस-पस्तीस बाया बसलेल्या आणि आमच्या हातात सहा इंचांचा फोन. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आमी व्हीसीआर भाड्यानं आणायचो तवा आख्खी चाळ बसायची रं. आता एवढं मोठं तंत्र आलं म्हनता, अन् पिच्चर एकट्यालाच दिसतो व्हय?"

त्या संध्याकाळी चित्रपट झाला नाही. आजींचा प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. कोणती ओटीटी सेवा घ्यावी, असे आज आमचे तरुण मित्र आम्हाला विचारतात. कोणती स्वस्त, कुणाचा वर्षाचा पॅक परवडतो, कुठे काय नवीन आले, एवढ्यावरच ती चर्चा संपते. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. घरात सिनेमा येण्याला चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपला समाज कुठे बसला होता, हे तपासल्याशिवाय आज काय निवडायचे ते कळणार नाही.

भाड्याचा व्हीसीआर आणि पुढच्या रांगा

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि त्या निमित्ताने देशात रंगीत दूरदर्शन आले. त्याच सुमारास व्हीसीआर शहरांत दिसू लागले. ते विकत घेणे साध्या नोकरदाराच्याही आवाक्याबाहेर होते, मग गिरणी कामगाराचा, सफाई कामगाराचा किंवा बिगारी मजुराचा प्रश्नच नव्हता. म्हणून व्हीसीआर भाड्याने देण्याचा धंदा उभा राहिला. नाक्यानाक्यावर व्हिडिओ लायब्ररी निघाल्या. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेट असा संच एका रात्रीसाठी मिळायचा. चाळीतली माणसे वर्गणी काढायची. संध्याकाळी संच यायचा आणि सकाळी परत जायचा, त्यामुळे रात्रभर एकामागून एक पिच्चर चालायचे. भाडे वसूल झाले पाहिजे ना!

आमच्या वडीलधाऱ्यांकडून या रात्रींच्या आठवणी आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. त्या सगळ्याच गोड नाहीत. लायब्ररीत सभासद व्हायचे तर नाव आणि पत्ता द्यावा लागे, अनामत ठेवावी लागे. पत्ता सांगितला की वस्ती कळे आणि वस्ती कळली की अनामतीचा आकडा बदले, असे एकाहून अधिक जणांनी आम्हाला सांगितले. गावाकडे तर संच पाटलाच्या किंवा सावकाराच्या अंगणात लागे. आपली माणसे कडेला, ओट्याच्या खाली बसत. तंबू टॉकीजमध्ये तिकीट काढले की निदान जमिनीवरची जागा सगळ्यांना सारखी होती. व्हीसीआर घरात आल्यावर ते घर कुणाचे, हा प्रश्न आला. सार्वजनिक जागेत जात थोडी सैल व्हायची, खासगी अंगणात ती पुन्हा घट्ट व्हायची. घरी बसून सिनेमा पाहण्याच्या कौतुकात ही बाजू सहसा कुणी नोंदवत नाही.

तरीही या संचाने एक मोठी गोष्ट केली. आपल्या वस्त्यांनी वर्गणीतून तो आणला तेव्हा पडदा आपल्या अंगणात आला. चित्रपटगृहात जे आपल्याला मिळाले नव्हते, म्हणजे वेळ ठरवण्याचा, थांबवण्याचा आणि पुन्हा पाहण्याचा अधिकार, तो एका रात्रीपुरता का होईना, आपल्या हातात आला. पण कॅसेट कुठली आणायची? लायब्ररीच्या फळीवर जी असेल ती. इथे या लेखाचा मुख्य मुद्दा सुरू होतो. निवड आपण करतो असे आपल्याला वाटते. परंतु फळीवर काय ठेवायचे, ही निवड आपल्या आधी दुसऱ्या कुणीतरी केलेली असते.

रविवारची सकाळ, १९८७-८८

फळी दुसऱ्याच्या ताब्यात असते म्हणजे काय, याचे सर्वांत ठळक उदाहरण दूरदर्शनचे आहे. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी 'रामायण' मालिका चालली. देशात तेव्हा दूरदर्शनशिवाय दुसरी वाहिनी नव्हती. सरकारी पैशाने चालणाऱ्या या माध्यमातून एका परंपरेची कथा दर आठवड्याला घराघरांत गेली. टीव्हीला हार घातले गेले, उदबत्त्या लागल्या. हे सगळे आपल्याला पाठ आहे.

याच दिवसांत महाराष्ट्रात दुसरे काहीतरी घडत होते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून वादळ उठवण्यात आले. ग्रंथ जाळण्यात आला, परिशिष्ट काढून टाकण्याची मागणी झाली. त्याला उत्तर म्हणून १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आंबेडकरी जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. आपले सगळे गट-तट त्या दिवशी एक झाले होते.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. रामाची एक बाजू दर रविवारी विनासायास घरात येत होती. त्या कथेला प्रश्न विचारणारे पुस्तक छापील रूपात टिकवण्यासाठी मात्र लाखो लोकांना रस्त्यावर उतरावे लागत होते. पुस्तक वाचायला शिक्षण लागते, वेळ लागतो, पुस्तक मिळावे लागते. टीव्ही पाहायला बटण दाबावे लागते. दोन माध्यमांच्या पोहोचीतला हा फरक समाजाच्या मनावर काय परिणाम करतो, हे नंतरच्या दशकाने देशाला दाखवून दिले. म्हणून "सिनेमा-मालिका म्हणजे निव्वळ करमणूक, चळवळीने त्यात कशाला वेळ घालवायचा" असे म्हणणाऱ्या आमच्या साथींना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की समोरच्या बाजूने ही चूक कधीच केली नाही.

कॅसेट, व्हीसीडी आणि आपला बाजार

आपला समाज गप्प बसला होता असे मात्र नाही. ध्वनिफितीचे तंत्र स्वस्त झाले, तसा भीमगीतांचा स्वतंत्र बाजार उभा राहिला. जलशांच्या परंपरेतून आलेली, वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गाणी आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचे आवाज आकाशवाणीची वाट न पाहता वस्त्यांत पोहोचले. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या शेजारी कॅसेटच्या राशी लागू लागल्या. तिथे फळीही आपली होती आणि विक्रेताही आपला होता. ६ डिसेंबरला मुंबईत येणारा विदर्भ-मराठवाड्यातला माणूस परत जाताना एक पुस्तक, एक फोटो आणि एक कॅसेट घेऊन जायचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या वितरण व्यवस्थेपेक्षा ही व्यवस्था खोलवर गेली होती.

चित्रपटाच्या बाबतीत हे जमले नाही, कारण चित्रपटाला भांडवल लागते. १९९० साली 'भीम गर्जना' आला. जन्मशताब्दीच्या वातावरणात बाबासाहेबांवर मोठा चित्रपट काढण्याची योजना पुढे आली. केंद्र आणि महाराष्ट्र शासनाच्या निधीतून, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळामार्फत, डॉ. जब्बार पटेल यांनी तो केला आणि २००० साली तो लोकांसमोर आला. मामुट्टी यांना बाबासाहेबांच्या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तो किती चित्रपटगृहांत आणि किती दिवस चालला? तमिळ आवृत्तीचे उदाहरण तर विदारक आहे. ती प्रदर्शित व्हावी म्हणून मद्रास उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०१० च्या डिसेंबरात ती लोकांना पाहायला मिळाली. जनतेच्या पैशातून, जनतेच्या नेत्यावर काढलेला चित्रपट जनतेला दाखवण्यासाठी दहा वर्षे आणि एक न्यायालयीन लढाई!

आमच्या पिढीने हा चित्रपट चित्रपटगृहात पाहिला नाही. आम्ही तो व्हीसीडीवर पाहिला. तेव्हा व्हीसीडी प्लेयर भाड्याने मिळायचा. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री बारा वाजता मेणबत्त्या लावून झाल्या की विहारासमोर टेबल मांडून टीव्ही ठेवला जाई. डिस्क मध्येच अडकायची, मग कुणीतरी ती बाहेर काढून सदऱ्याला पुसायची. महाडच्या चवदार तळ्याचे दृश्य आले की म्हातारी माणसे उठून उभी राहायची. ती डिस्क बहुधा नकल केलेली होती, हे आज आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. अधिकृत डिस्क आमच्या तालुक्यात मिळतच नव्हती. पुढे २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली, तेव्हा भाड्याच्या पैशात थोडी भर घातली की अधिकृत डिस्क मालकीची होऊ लागली. एकदा घेतलेली डिस्क कुणी येऊन परत नेत नसे. ती शेजाऱ्याला देता येई, विहाराच्या कपाटात ठेवता येई.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे नेमकी तीच हरवली.

मालकी गेली, परवाना आला

आज ज्या नेटफ्लिक्सचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, ती मुळात चित्रपट भाड्याने देणारीच कंपनी. १९९७ मध्ये अमेरिकेत तिची स्थापना झाली आणि १९९८ पासून ती डाकेने डीव्हीडी घरपोच पाठवू लागली. २००७ मध्ये तिने इंटरनेटवरून थेट चित्रपट दाखवायला सुरुवात केली. २९ सप्टेंबर २०२३ रोजी तिने शेवटच्या डीव्हीडी डाकेत टाकल्या आणि तो विभाग कायमचा बंद केला.

या बदलामागचे कारण समजून घेणे गरजेचे आहे. अमेरिकेच्या कायद्यात असे तत्त्व आहे की एखादी डिस्क रीतसर विकत घेतली की ती पुढे विकायला किंवा भाड्याने द्यायला निर्मात्याची पुन्हा परवानगी लागत नाही. त्यामुळे डाकेच्या काळात बाजारात मिळणारी कुठलीही डिस्क, मग ती जुनी असो, परदेशी असो वा कुणी फारशी न विचारणारी असो, विकत घेऊन फळीवर ठेवता येत होती. स्ट्रीमिंगमध्ये वस्तू हातात येतच नाही. तिथे प्रत्येक चित्रपटासाठी ठरावीक मुदतीचा, ठरावीक देशापुरता परवाना घ्यावा लागतो. मुदत संपली की चित्रपट फळीवरून उतरतो. आपण महिन्याचे पैसे भरत राहतो आणि आपल्या यादीतला चित्रपट एके दिवशी न सांगता गेलेला असतो. घराचे भाडे भरावे आणि घरमालकाने रोज थोडे-थोडे सामान उचलून न्यावे, तसा हा प्रकार आहे.

म्हणजे व्हिडिओ लायब्ररीच्या फळीवर दुकानदाराची मर्जी चालत होती, आता करारांची मर्जी चालते. आणि करार कशाचा होतो? ज्याला जास्त प्रेक्षक मिळतील असे गृहीत धरले जाते त्याचा. हे गृहीत कोण धरते? ज्या खोलीत हे निर्णय होतात त्या खोलीत आपली माणसे किती आहेत, हे वाचकांनीच स्वतःला विचारावे.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' सुरू केले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे आपण सगळे जाणतो. त्यातून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष आपण विसरतो. 'केसरी'ने जाहिरात घ्यावी म्हणून ते थांबून राहिले नाहीत. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी आपली फळी ते आयुष्यभर उभारत राहिले.

ओटीटीने काय दिले, काय राखून ठेवले

आता एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ओटीटी आले म्हणून तर 'जय भीम' घराघरांत गेला ना? होय. २०२१ च्या जुलैमध्ये पा. रंजित यांचा 'सारपट्टा परंबराई' आणि नोव्हेंबरमध्ये 'जय भीम' थेट प्राइम व्हिडिओवर आले. त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर नीरज घायवान यांची 'गीली पुच्ची' आली. २०२३ मध्ये 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात त्यांनीच बौद्ध पद्धतीचा विवाह पडद्यावर आणला. महाराष्ट्रातल्या कित्येक बौद्ध मुलींनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला, कारण हिंदी पडद्यावर त्यांना त्यांचे लग्न कधी दिसलेच नव्हते. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण श्रेय देताना हिशेबही करावा. 'जय भीम' हे अभिवादन कामठीच्या बाबू हरदासांनी रुजवले, महाराष्ट्राच्या मातीत ते वाढले. त्या नावाचा चित्रपट तमिळसोबत तेलुगू, हिंदी, कन्नड आणि मल्याळममध्ये आला, मराठीत आला नाही. हिंदी समजते ना, मग झाले, असे उत्तर मिळते. आमच्या विहारातल्या आजींना कोर्टातली हिंदी समजत नाही. मराठी प्रेक्षकाला दुय्यम धरले जाते आणि त्यातही खेड्यातल्या, वस्तीतल्या मराठी प्रेक्षकाला तिय्यम.

दुसरी गोष्ट, ओटीटीवर सेन्सॉर नाही, म्हणून तिथे मुक्तता आहे, असा समज होता. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनंतर तो फार टिकला नाही. दिबाकर बॅनर्जी यांनी नेटफ्लिक्ससाठी केलेला 'तीस' पूर्ण होऊनही प्रेक्षकांपर्यंत आला नाही. 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट तक्रारी झाल्यावर २०२४ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. चित्रपटगृहाच्या दारात तर जुनाच पहारा आहे. १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी, २०२५ मध्ये, 'फुले' हा हिंदी चित्रपट आला तेव्हा ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, प्रदर्शन पुढे गेले आणि सेन्सॉर मंडळाने जातिव्यवस्थेसंबंधीचे उल्लेख बदलायला लावले. फुल्यांच्या चित्रपटातून जात काढायची, मग उरते काय?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि ती आजींच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. आपल्या देशात स्वस्त पॅक म्हणजे मोबाइलचा पॅक. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये १९९ रुपयांचा आणि २०२१ च्या डिसेंबरपासून १४९ रुपयांचा मोबाइल पॅक दिला, तो एका वेळी एका फोनपुरता. टीव्हीवर पाहायचे तर जास्त पैसे. व्यापार म्हणून यात कुणाला काही गैर वाटणार नाही. पण समाजशास्त्राच्या नजरेने पाहा. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या घरात कुटुंब एकत्र बसून पाहते. ज्याच्याकडे नाही, तो कोपऱ्यात एकटा, कानात वायर घालून पाहतो. गरिबाला स्वस्तात सिनेमा मिळाला, पण सोबत बसणे महाग झाले.

आपल्या चळवळीसाठी सोबत बसणे ही साधी गोष्ट नाही. रमाबाई नगरातल्या ११ जुलै १९९७ च्या गोळीबारानंतर आनंद पटवर्धन यांनी सुमारे चौदा वर्षे चित्रीकरण करून 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. तो वस्त्यांमध्ये पडदे लावून दाखवला गेला. विलास घोगरे यांचा आवाज अंधारात शेकडो माणसांनी एकत्र ऐकणे आणि एकट्याने फोनवर ऐकणे, हे दोन वेगळे अनुभव आहेत. पहिल्यात चित्रपट संपल्यावर कुणीतरी उठून बोलते, वाद होतो, एखादी बाई आपली गोष्ट सांगते. दुसऱ्यात पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

मग निवडायचे कसे?

एवढ्या इतिहासानंतर आम्ही मित्रांना एका कंपनीचे नाव सांगणार नाही. नावे आणि दर बदलत राहतात, २०२५ मध्ये दोन मोठ्या सेवा एकत्र येऊन जिओहॉटस्टार झाली, उद्या आणखी काही होईल. आम्ही काही प्रश्न सांगतो, ते विचारून घरात आणि संघटनेत निर्णय घ्यावा.

पहिला प्रश्न, आपल्याला वर्षभराची वर्गणी हवी की एक चित्रपट? आपल्यातले अनेक जण वर्षाचे पैसे भरतात आणि महिन्याला एखादा चित्रपट पाहतात. एकच चित्रपट भाड्याने घेण्याची सोय यूट्यूबवर आहे, प्राइम व्हिडिओच्या स्टोअरमध्येही २०२२ पासून आहे. भाडे भरल्यावर सुरू करायला साधारणपणे ३० दिवस मिळतात आणि एकदा सुरू केला की ४८ तास. यादी करून, ठरवून पाहणाऱ्याला हे परवडते. शिवाय पैसे नेमक्या चित्रपटासाठी जातात, ज्या मालिका आपल्यावर थुंकतात त्यांच्यासाठी जात नाहीत.

दुसरा, पॅक टीव्हीवर चालतो का आणि एका वेळी किती पडद्यांवर? आई-वडिलांसोबत पाहायचे असेल तर मोबाइल पॅकचे स्वस्त दर हे फसवे स्वस्त आहेत.

तिसरा, आपल्या भाषेचा आवाज किंवा निदान मराठी अक्षरे खाली आहेत का? नसतील तर सेवेला लिहून कळवा. एकट्याने लिहिले तर ते हरवते, शंभर जणांनी लिहिले तर नोंद होते.

चौथा, नेट किती जाते? साध्या दर्जाला तासाला साधारण एक जीबी आणि एचडीला तीन जीबीपर्यंत जातो. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्याने एचडी लावले तर मध्यंतरापूर्वीच डेटा संपेल. रात्री उतरवून ठेवण्याची सोय आहे का, ते पाहावे.

पाचवा, विहारात किंवा अभ्यासिकेत दाखवायचे आहे का? घरगुती वर्गणीच्या अटी वैयक्तिक पाहण्यापुरत्या असतात. अशा वेळी थेट दिग्दर्शक-निर्मात्याला पत्र लिहा. स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपट करणारी बरीच मंडळी वस्तीतल्या खेळाला आनंदाने परवानगी देतात आणि कधी चर्चेलाही येतात. ही वाट लांबची आहे, पण स्वाभिमानाची आहे.

आणि सहावा प्रश्न आपला आपल्यालाच. टेलिग्रामवरची चोरीची प्रत आपण का पाहतो? पूर्वी आमच्या तालुक्यात डिस्क मिळत नव्हती, हे कारण होते. आज चित्रपट भाड्याने मिळत असताना आपण 'फँड्री', 'झुंड' किंवा 'कस्तुरी' फुकट उतरवून पाहतो आणि मग आपले चित्रपट कुणी काढत नाही म्हणून रडतो. विनोद कांबळे यांच्या 'कस्तुरी'ला २०१९ सालासाठीचा उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तो चित्रपटगृहात यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. अशा चित्रपटाचे भाडे भरणे हे दान नाही, आपल्या फळीत घातलेली ती वीट आहे.

फळी सार्वजनिक हवी

वैयक्तिक निवडीने सगळे सुटत नाही. बाबासाहेबांचे साहित्य प्रकाशित करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये समिती नेमली आणि १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. त्या कामात दिरंगाई झाली, त्यावर आपण भांडलो आणि भांडत आहोत. तरी तत्त्व मान्य झाले की हा सार्वजनिक ठेवा आहे आणि तो स्वस्तात लोकांच्या हाती पोहोचला पाहिजे. मग हेच तत्त्व चित्रपटाला का नाही? जनतेच्या निधीतून झालेला २००० सालचा चित्रपट मराठीसह सगळ्या भाषांत, चांगल्या प्रतीत, कायमस्वरूपी मोफत उपलब्ध असला पाहिजे. फिल्म्स डिव्हिजनने जनतेच्या पैशातून केलेले माहितीपट शाळा, वसतिगृहे आणि विहारांना मागताच मिळाले पाहिजेत.

हे अशक्य नाही. केरळ शासनाने मार्च २०२४ मध्ये 'सी-स्पेस' हे स्वतःचे ओटीटी सुरू केले. तिथे वर्षाची वर्गणी नाही, एका चित्रपटाचे ७५ रुपये भरायचे आणि पाहायचे. म्हणजे शासनानेच चालवलेली व्हिडिओ लायब्ररी! प्रसार भारतीनेही २०२४ च्या नोव्हेंबरात 'वेव्हज' सुरू केले. महाराष्ट्राकडे गोरेगावची चित्रनगरी आहे, सांस्कृतिक विकास महामंडळ आहे, पुण्यात १९६४ पासूनचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. नाही ती फक्त इच्छा. ती इच्छा निर्माण करणे हे चळवळीचे काम आहे. पुतळ्यासाठी आणि स्मारकासाठी निवेदन देताना त्यात ही मागणीही लिहा.

आमच्या विहाराने एक छोटी सुरुवात केली आहे. दर पौर्णिमेला एक चित्रपट किंवा माहितीपट. पैसे वर्गणीतून, परवानगी लेखी आणि चित्रपटानंतर अर्धा तास चर्चा सक्तीची. जुना प्रोजेक्टर एका निवृत्त शिक्षकाने दिला, पडद्याला एक पांढरी चादर आहे. पहिल्या खेळाला त्या आजी आल्या, पुढच्या रांगेत सतरंजीवर बसल्या. चर्चेत त्यांनी आधी एकच सांगितले, "ह्या बारीला भिंतीला टेकायची जागा ठेवा, पाठ दुखती." मग चित्रपटातल्या मुलाच्या शाळेवरून त्या पंधरा मिनिटे बोलल्या. त्यांच्या स्वतःच्या शाळेबद्दल, जिथून त्यांना तिसरीत काढले होते. त्यांच्या सुनेलाही ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

हे सहा इंचांच्या फोनवर घडले नसते. तुमच्या वस्तीत एखादी चादर आहे, एखादी भिंत आहे. पुढची पौर्णिमा फार लांब नाही.

जय भीम!